मग्दालकरीण

मराठी बायबलमध्ये येशूला ठिकठिकाणी 'नासरेथकर' म्हटले आहे. त्याचा क्रूस वाहणारा शिमोन 'कुरेनेकर', त्याचा देह मागून घेऊन कबरेत ठेवणारा योसेफ 'अरिमथाईकर'. हा 'कर' लागला की दोन हजार वर्षांपूर्वीची, परक्या मुलखातली ही माणसे एकदम आपल्या ओळखीच्या गावांतून आल्यासारखी वाटतात. पण पहाटेच्या अंधारात कबरेकडे गेलेल्या आणि योहानाच्या वृत्तान्तानुसार पुनरुत्थित येशूला सर्वांत आधी भेटलेल्या बाईच्या नावापुढे मराठीत 'मग्दालीया' येते. त्यात गाव दडलेले आहे हे मराठी वाचकाला कळतही नाही. ते आडनाव वाटते, नाहीतर जोडनाव. मूळ ग्रीकमध्ये मात्र 'नाझारेनोस' आणि 'माग्दालेने' ही दोन्ही रूपे एकाच साच्यातली आहेत. एक पुल्लिंगी, दुसरे स्त्रीलिंगी. हिंदीच्या 'मगदलीनी'त त्या प्रत्ययाची खूण थोडीतरी उरली आहे. मराठीने त्याला 'नासरेथकर' म्हटले, तर तिला 'मग्दालकरीण' म्हणायला हवे होते.

ही मागणी मी केवळ भाषेच्या हौसेपोटी करत नाही. शुभवर्तमानांतल्या इतर बायकांची नावे पाहावीत. याकोब आणि योसे यांची आई मरीया. क्लोपाची मरीया. हेरोदाचा कारभारी खुजा, त्याची बायको योहान्ना. बहुतेक स्त्रिया मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जातात, आणि मधल्या रकान्यात नवऱ्याचे नाव लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला त्यात नवल वाटू नये. या एका मरीयेच्या नावाला मात्र कोणाही पुरुषाचा आधार लागत नाही. तिचा नवरा, बाप, मुलगा यांचा उल्लेख कुठेही नाही. तिला नाव आहे आणि गाव आहे. लूक सांगतो की ती आणि आणखी काही बायका येशूबरोबर गावोगाव फिरत आणि आपल्या पदरचे खर्चून त्याची व त्याच्या सोबत्यांची सोय पाहत. म्हणजे तिच्याजवळ स्वतःचा पैसा होता आणि तो कुठे लावायचा हे ठरवण्याची मोकळीकही.

हे गाव गालीलच्या सरोवराच्या पश्चिम काठावरचे. हिब्रूत 'मिग्दाल' म्हणजे मनोरा, बुरूज. 'मोठे होणे, वाढणे' या अर्थाच्या धातूपासून तो शब्द झाला, आणि 'मोठा' या अर्थाचा हिब्रू 'गादोल' त्याचाच भाऊबंद. 'माग्दाला' हे त्याचे अरामी रूप. ज्यूंच्या तालमुदात 'मिग्दाल नुनय्या' असे एक नाव येते, म्हणजे मासळीचा बुरूज. ग्रीक लेखक ज्याला 'तारिखेआय' म्हणतात ते हेच गाव असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि त्या शब्दाचा अर्थ मासे खारवण्याची ठिकाणे. २००९मध्ये तिथल्या उत्खननात पहिल्या शतकातले सभास्थान सापडले, आणि त्यात सात फाट्यांची दीपवृक्षाकृती कोरलेला एक दगड. अशा खारवलेल्या मासळीच्या, व्यापारउदीम असलेल्या गावची ही बाई.

गावाचेच नाव, की बिरुद? लूक तिला नुसते 'माग्दालेने' म्हणत नाही, 'माग्दालेने म्हणून ओळखली जाणारी' म्हणतो. येशूने आपल्या माणसांना नवी नावे दिलेली आपल्याला माहीत आहेत: शिमोन झाला पेत्र, म्हणजे खडक. मग ही 'बुरूज' का नसावी? पाचव्या शतकाच्या आरंभी संत जेरोमने एका पत्रात तसेच म्हटले आहे: श्रद्धेच्या दृढतेमुळे ती मनोऱ्यासारखी ठरली, आणि प्रेषितांच्याही आधी उठलेल्या ख्रिस्ताला पाहण्याचा मान तिला मिळाला. २०२१मध्ये जोन टेलर आणि एलिझाबेथ श्रेडर या दोन अभ्यासिकांनी एका शोधनिबंधात हा प्रश्न पुन्हा उघडला. मला स्वतःला गावाचा अर्थ अधिक पटतो, पण जेरोमसारख्या भाषापंडिताला त्या नावात बुरूज दिसला हे विसरण्याजोगे नाही. कारण पुढच्या दोनशे वर्षांत त्याच नावाला दुसराच अर्थ चिकटला.

शुभवर्तमाने तिच्याविषयी फार थोडे सांगतात. तिच्यातून सात भुते निघाली होती. ती क्रुसाजवळ उभी होती. ती कबरेकडे गेली. त्या काळच्या भाषेत भूत लागणे म्हणजे आजार, आणि सात म्हणजे तो अगदी टोकाचा. यात चारित्र्याचा कुठे संबंध येत नाही. लूकच्याच सातव्या अध्यायात एक निनावी 'पापी' स्त्री येते. ती परुश्याच्या घरी जेवणाच्या वेळी येते, रडते, अश्रूंनी येशूचे पाय भिजवते, केसांनी पुसते आणि सुगंधी तेल लावते. योहानात बेथानीची मरीया, लाजराची बहीण, येशूच्या पायांना तेल लावून केसांनी पुसते. अशा या तीन वेगळ्या बायका. इ. स. ५९१मध्ये रोममध्ये पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात त्या तिघींची एक केली. लूकची पापी स्त्री, योहानाची मरीया आणि सात भुते गेलेली मरीया ही एकच, असे त्याने सांगितले. सात भुतांचा अर्थ लावला सगळी दुर्व्यसने. आणि ते सुगंधी तेल ती पूर्वी आपला देह पापासाठी सजवायला वापरत असे, असेही जोडले. पूर्वेकडच्या चर्चने हे मानले नाही. तिथे त्या तिघी वेगळ्याच राहिल्या आणि मग्दालीयेला 'प्रेषितांच्या तोलाची' ही उपाधी मिळाली. पश्चिमेकडे मात्र पोपच्या शब्दाला वजन होते, आणि पुढची हजाराहून अधिक वर्षे त्या प्रवचनाच्या सावलीत गेली.

या मिसळीत अश्रूंचे जे झाले ते मला सर्वांत जास्त लागते. योहानाच्या विसाव्या अध्यायात मग्दालीया खरोखर रडते. कबरेबाहेर उभी राहून रडते, कारण गुरूचा देह नेला कोणी आणि ठेवला कुठे हे तिला कळत नाही. ते शोकाचे रडणे आहे. लूकच्या निनावी बाईचे रडणे पश्चात्तापाचे. दोघी एक झाल्या तसे दोन्ही अश्रूही एक झाले, आणि शोक पुसला जाऊन पश्चात्ताप तेवढा उरला. चित्रकारांनी ती पुढे तशीच रंगवली: मोकळ्या केसांची, वर लागलेल्या डोळ्यांची, गालांवर अश्रू. दोनातेल्लोने लाकडात कोरलेली हडकलेली, केसांनीच अंग झाकलेली मग्दालीया फ्लॉरेन्सला आहे; तिच्यात वाळवंटात तप करणाऱ्या इजिप्तच्या मरीयेची कथाही मिसळलेली आहे. मग शब्द बदलले. फ्रेंचमध्ये ढसढसा रडणे म्हणजे 'मादलेनसारखे रडणे', स्पॅनिशमध्येही तसेच. इंग्रजीत तिच्या नावाचा उच्चार झिजून 'मॉडलिन' झाला, आणि त्याचा अर्थ झाला रडवा, अति हळवा, विशेषतः दारूच्या नशेत गळे काढणारा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मॅग्डलेन कॉलेजांचा उच्चार आजही 'मॉडलिन' असाच होतो. गुरू गेला म्हणून रडणाऱ्या शिष्येचे नाव असे खालावत गेले.

विशेषनामाचे सामान्यनाम झाले की त्यातून माणूस निघून जातो. अठराव्या शतकात इंग्रजीत 'मॅग्डलेन' म्हणजे वेश्याव्यवसाय सोडून आलेली बाई. १७५८मध्ये लंडनमध्ये अशा बायकांसाठी 'मॅग्डलेन हॉस्पिटल' निघाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी डब्लिनमध्ये 'मॅग्डलेन आश्रम'. आयर्लंडमधल्या या आश्रमांत हळूहळू कपडे धुण्याचे कारखाने चालू झाले. विसाव्या शतकात तिथे येणाऱ्या सगळ्या काही वेश्या नव्हत्या. लग्नाआधी आई झालेल्या होत्या, अनाथ मुली होत्या, घरच्यांना नकोशा झालेल्या होत्या, औद्योगिक शाळांतून आणि न्यायालयांतून पाठवलेल्या होत्या. आत आल्यावर पुष्कळींना दुसरे नाव दिले जाई. मजुरी मिळत नसे. संस्थेच्या भाषेत त्या 'पश्चात्तापी', गल्लीतल्या भाषेत 'मॅगी'. १९९३मध्ये डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागातल्या अशा एका संस्थेची जमीन विकली गेली तेव्हा तिथल्या दफनभूमीतून १५५ बायकांचे अवशेष काढले गेले, आणि त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची नोंदच झालेली नव्हती. शेवटची लाँड्री १९९६मध्ये बंद झाली. १९२२पासून तोवर दहा हजारांहून अधिक बायका या लाँड्र्यांतून गेल्याचे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले आणि २०१३च्या फेब्रुवारीत पंतप्रधान एंडा केनी यांनी देशाच्या वतीने त्यांची माफी मागितली. एका प्रवचनातली गल्लत इथवर पोहोचली, असे म्हणणे धाडसाचे आहे. गरिबी, लोकलाज, सरकारची सोय ही कारणे फार मोठी होती. पण त्या भिंतींवर नाव कोणाचे होते हे आपण टाळू शकत नाही.

हे नाव आपल्या किनाऱ्यालाही लागले होते. जुन्या गोव्यात पोर्तुगिजांनी अनाथ मुली आणि विधवांसाठी एक निवास काढला होता आणि 'पश्चात्तापी' बायकांसाठी दुसरा. त्या दुसऱ्याचे नाव होते सांता मारीया मादालेना. मलयाळममध्ये महाकवी वल्लत्तोळ यांनी 'मग्दलन मरियम' हे खंडकाव्य लिहिले, आणि त्यातली नायिका लूकच्या सातव्या अध्यायातली पश्चात्तापी स्त्रीच आहे.

मराठीशी असलेला दुवा मला अधिक बोलका वाटतो. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना फुलहॅमचा आश्रम दाखवला. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे माणुसकीने वागवलेले त्यांनी पाहिले आणि यामागे काय आहे असे विचारले. उत्तरादाखल त्यांच्यापुढे ठेवली गेली ती विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा. रमाबाईंनी आपल्या साक्षीत हे लिहून ठेवले आहे. शोमरोनी स्त्री रडत नाही, पायांवर पडत नाही. ती येशूशी धर्माचा वाद घालते आणि गावात जाऊन सांगते. पुढे केडगावला अशाच बायकांसाठी रमाबाईंचे 'कृपासदन' उभे राहिले, त्या नावात कोणत्याही पापिणीचा उल्लेख नाही. मराठीत 'पतित' हा शब्द किती उदार आहे. देवालाच आपण पतितपावन म्हणतो आणि त्या पतितांत आपण सगळेच येतो. त्याचे स्त्रीलिंग 'पतिता' झाले की मात्र अर्थ एकाच पापापुरता आक्रसतो. 'मॅग्डलेन'चेही नेमके हेच झाले.

ही गल्लत कोणाच्या ध्यानात आली नाही असे नव्हे. फ्रेंच पंडित लफेव्र देताप्ल याने १५१७च्या सुमारास तिघी वेगळ्या असल्याचे लिहिले, आणि १५२१मध्ये पॅरिसच्या विद्यापीठाने त्याचे मत धिक्कारले. कॅथलिक चर्चने आपले पंचांग १९६९मध्ये सुधारले तेव्हा २२ जुलैच्या तिच्या सणाला लूकचा सातवा अध्याय वाचणे बंद झाले आणि योहानाचा विसावा आला. अंतिम न्यायावरच्या एका जुन्या लॅटिन स्तोत्रात क्षमा मिळालेल्या बाईचे नाव मरीया होते. प्रार्थनेच्या सुधारित ग्रंथात तिथे 'पापिणी' असा शब्द घातला गेला आणि मरीया सुटली. चौदाशे वर्षांच्या भाराखालून एक नाव एका शब्दाच्या बदलाने बाहेर काढलेले मला दुसरीकडे कुठे आढळलेले नाही.

आता उलट टोकाला जाऊन तिला येशूची बायको ठरवणारे आहेत. 'द दा विंची कोड' या २००३च्या कादंबरीमुळे हे आपल्याकडेही घरोघर पोहोचले. त्याला आधार म्हणून फिलिपाचे शुभवर्तमान दाखवले जाते, जे १९४५मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या ग्रंथांत आहे. ते कॉप्टिक भाषेत आहे आणि त्यात मग्दालीयेसाठी 'कोइनोनोस' हा ग्रीक शब्द आला आहे. लूकच्या पाचव्या अध्यायात याकोब आणि योहान हे शिमोनाचे मासेमारीतले 'कोइनोनोस' आहेत, मराठीत भागीदार. त्या शब्दावरून लग्न लावता येत नाही. शिवाय नवऱ्याच्या नावाशिवाय ओळखल्या गेलेल्या बाईला ओढून नवरा जोडण्यात तिचा मान कसा वाढतो, हे मला उमगत नाही.

तिच्यासाठी योग्य शब्द जुन्याच ग्रंथांत आहेत. नव्या करारात 'माथेत्रिया', म्हणजे शिष्या, हा शब्द एकदाच येतो, तो याफोच्या तबीथेसाठी. पण करारात न घेतल्या गेलेल्या पेत्राच्या शुभवर्तमानात मग्दालीयेला स्पष्टपणे 'प्रभूची माथेत्रिया' म्हटले आहे. योहानातही बागेतल्या माणसाला ओळखताच तिच्या तोंडून निघणारी हाक 'रब्बूनी' आहे, म्हणजे माझ्या गुरो. ही हाक शिष्याने गुरूला मारावी तशी आहे. त्यानंतर येशू तिला भावांकडे जाऊन सांगायला पाठवतो. ग्रीक 'अपोस्तोलोस'चा अर्थ धाडलेला एवढाच. म्हणूनच मध्ययुगीन लॅटिन लेखक, अगदी थॉमस अक्विनासही, पश्चात्तापाच्या चित्रांच्या बरोबरीने तिला 'प्रेषितांची प्रेषित' म्हणत राहिले, आणि जून २०१६मध्ये व्हॅटिकनने तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला तेव्हा नव्या प्रार्थनेसाठी हीच उपाधी घेतली.

मराठीत 'अपोस्तोलोस'साठी 'प्रेषित' आहे, आणि तो शब्द मूळ अर्थाशी तंतोतंत जुळतो: प्र आणि इष्, धाडणे, त्यापासून झालेले भूतकाळवाचक विशेषण. त्याचे स्त्रीलिंग संस्कृताच्या नियमाने 'प्रेषिता'. पुढच्या आवृत्तीच्या वेळी भाषांतर मंडळाने योहानाच्या विसाव्या अध्यायात 'मग्दालकरीण मरीया' असे छापावे, आणि २२ जुलैच्या मराठी प्रार्थनेत 'प्रेषितांची प्रेषिता' असे म्हणावे.