अध्यापकाची टिपणवही आणि इतिहासलेखन

अध्यापकाच्या टिपणवहीला इतिहासशास्त्रात स्थान काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. इतिहासाचा अध्यापक वर्षानुवर्षे वाचन करतो, टिपणे काढतो व वर्गात त्यांचा उपयोग करतो. तो निवृत्त झाला म्हणजे त्या वह्या बहुधा रद्दीत जातात. अप्रकाशित कागदपत्रांचे संपादन किंवा त्यांवर आधारलेला प्रबंध म्हणजे संशोधन, आणि इतरांनी सिद्ध केलेल्या ज्ञानाचे वितरण म्हणजे अध्यापन, अशी वाटणी आपण गृहीत धरलेली असते. ही वाटणी कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन शिक्षकांच्या व्यासंगाच्या आधारे करावयाचा आहे. हे दोन शिक्षक म्हणजे बडोद्याचे गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) आणि मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४).

सरदेसाई १८८९ साली सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत दाखल झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे हे त्यांचे आरंभीचे काम. पुढे राजपुत्रांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इतिहास शिकविण्यासाठी त्यांनी जी टिपणे तयार केली, त्यांतूनच ‘मुसलमानी रियासत’ १८९८ साली आणि ‘मराठी रियासती’चा पहिला भाग १९०२ साली निर्माण झाला. ‘रियासतकार’ ही त्यांची पदवी ज्या ग्रंथमालेने रूढ केली, तिचा उगम असा एका शिक्षकाच्या वहीत आहे.

या उगमाचा ग्रंथाच्या स्वरूपावर परिणाम झाला आहे. कागदपत्रांचा संपादक जेथे कागद संपतात तेथे थांबू शकतो, किंबहुना त्याने तेथे थांबणेच इष्ट होय. शिक्षकाला ही सवलत नाही. एका पत्रानंतर दुसरे पत्र सहा वर्षांनी येत असेल, तर मधल्या सहा वर्षांत काय घडले हे विद्यार्थी विचारणारच. म्हणून शिक्षकाच्या टिपणात कालक्रम अखंड असावा लागतो, कार्यकारणभाव स्पष्ट मांडावा लागतो आणि उपलब्ध पुराव्यावरून आज काय म्हणता येते हे सांगावे लागते. रियासतीची सलगता ही वर्गाच्या गरजेतून आलेली सलगता आहे.

या पद्धतीवर घेण्यासारखा सर्वांत सबळ आक्षेप विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या भूमिकेतून निघतो. ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली त्याच १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनी प्रसिद्ध केला. अस्सल साधने प्रथम उजेडात आणावीत, त्यांची चिकित्सा व्हावी आणि मगच इतिहासाची इमारत उभारावी, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह अवाजवी नव्हता. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे उदाहरण घ्यावे. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी देणारी जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिला पुष्टी देणारे परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली छापले गेले. १९०२ साली शिवचरित्र लिहिणाऱ्या कोणाच्याही हाती ही दोन्ही साधने छापील रूपात नव्हती. अशा अवस्थेत रचलेला इतिहास काही ठिकाणी कच्चा राहणार हे उघड आहे.

तथापि या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे. सर्व साधने प्रसिद्ध होईपर्यंत कथन थांबवावयाचे, तर ते कायमचेच थांबेल. कारण साधनांचा अंत कोणत्याच पिढीला दिसत नाही. आणि तोपर्यंत वर्ग रिकामा राहत नाही. जुनी पुस्तके व ऐकीव समजुती तेथे चालूच असतात. म्हणून प्रश्न कच्चे लिहावे की नाही असा नसून, कच्चे लिहिलेले पुढे पक्के करण्याची तयारी लेखकाजवळ आहे की नाही, असा आहे.

सरदेसायांजवळ ती तयारी होती, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. रियासतीचे भाग ते तीन दशके लिहीत राहिले आणि नवी साधने येतील तसतसे आधीचे भागही त्यांनी सुधारून घेतले. १९२५ साली सेवानिवृत्त झाल्यावर ते कामशेतला राहू लागले. त्यानंतर, पासष्टीच्या सुमारास, पेशवे दफ्तरातील निवडक कागदांच्या संपादनाचे काम त्यांनी हाती घेतले. १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. हे कागद स्वतः हाताळल्यानंतर त्यांनी मराठ्यांचा संपूर्ण इतिहास इंग्रजीत पुन्हा तीन खंडांत लिहिला (१९४६–४८). आधी कथन, मग साधनांचे संपादन आणि मग पुन्हा कथन, असा हा क्रम आहे. राजवाड्यांची अपेक्षा त्यांनी उलट्या वाटेने, परंतु मनापासून पूर्ण केली, असे म्हणता येईल.

या वाटेवर ते एकटे नव्हते. जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा स्नेह १९०४ च्या सुमारास जडला आणि १९५८ साली सरकारांचे निधन होईपर्यंत टिकला. तारखा, स्थळे, फार्सी साधनांतील उल्लेख आणि एकमेकांची मते यांची तपासणी या दोघांनी पत्रांतून अखंड चालविली. दीपेश चक्रवर्ती यांनी सरकारांवरील आपल्या ग्रंथात (२०१५) या पत्रव्यवहाराचा विस्तृत उपयोग केला असून, भारतातील इतिहासशास्त्राची घडण विद्यापीठांच्या बाहेर, अशा खाजगी संवादातही झाली, हे त्यावरून स्पष्ट होते. टिपणवही बंद पेटीत राहिली असती तर ही तपासणी झाली नसती. ती वाचकांपुढे आल्यामुळेच तिला परीक्षक मिळाला.

खरेशास्त्र्यांची रीत निराळी. ते इतिहासाचे नव्हे, संस्कृतचे शिक्षक. प्रथम पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि नंतर दीर्घकाळ मिरजेच्या हायस्कुलात. पटवर्धन सरदारांच्या घराण्यांतील कागदपत्रे त्यांनी शाळा सांभाळून वाचली, निवडली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने क्रमशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांच्या हयातीत या संग्रहाचे बारा खंड निघाले. पटवर्धन हे पेशव्यांचे कर्नाटकाच्या बाजूचे प्रमुख सरदार असल्यामुळे हैदर, टिपू व निजाम यांच्याशी झालेल्या व्यवहारांची छावणीतून लिहिलेली पत्रे या संग्रहात आढळतात.

खऱ्यांनी नुसती पत्रे छापली नाहीत. पत्रांच्या गटाआधी त्या काळातील घडामोडींची संगती लावून देणारे निवेदन त्यांनी लिहिले. वाचकाला प्रथम कथा कळते आणि लगेच त्या कथेचा पुरावाही त्याच्या हाती येतो. निवेदन पत्रांशी जुळत नसेल, तर ते त्यालाच ताडून पाहता येते. ही शिक्षकाची रीत आहे: अर्थ सांगावयाचा, पण मूळ संहिता विद्यार्थ्यापुढे उघडी ठेवावयाची. संस्कृत काव्य शिकविण्याची सवय येथे इतिहासाच्या उपयोगी पडली, असे अनुमान केल्यास ते वावगे ठरू नये.

या दोन उदाहरणांवरून टिपणवहीचे गुण दिसतात, तसे तिचे धोकेही दिसतात. वर्गात सांगताना संदर्भ गळतो. निश्चयाने बोलण्याची सवय लागल्याने ‘बहुधा’ या शब्दाची जागा ‘अर्थातच’ हा शब्द घेतो. एकदा बसविलेली घडी मोडण्याचा कंटाळा येतो, आणि वीस वर्षांपूर्वीचे टिपण नव्या वर्गापुढे जसेच्या तसे वाचले जाते. या दोषांवर उपाय टिपणे न काढणे हा नव्हे. प्रत्येक टिपणावर तारीख व आधार लिहावा. मत बदलल्यास जुने मत खोडून नाहीसे न करता त्याखाली नवे मत व बदलाचे कारण नोंदवावे. आणि वही अधूनमधून जाणत्या वाचकाला दाखवावी. खऱ्यांनी पुरावा सोबत ठेवला आणि सरदेसायांनी लेखन पुनःपुन्हा तपासले. दोहोंचा मेळ घातला, तर टिपणवही हे संशोधनाचे विश्वसनीय साधन होऊ शकते.

विद्यापीठीय विभागांच्या दृष्टीने यात एक व्यावहारिक प्रश्नही आहे. प्रबंध व शोधनिबंध यांची मोजदाद होते; अध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी क्रमाने केलेल्या लेखनाला मात्र त्या हिशेबात क्वचितच जागा मिळते. हाच हिशेब लावला, तर रियासतीचा १९०२ चा भाग व लेखसंग्रहाचा पहिला अंक हे दोन्ही दुय्यम ठरतील. निदान निवृत्त होणाऱ्या अध्यापकांच्या टिपणवह्या विभागाच्या ग्रंथालयात जतन करण्याची प्रथा पडावी. एखादे मत कोणत्या पुराव्यावर बनले आणि कोणत्या पुराव्याने बदलले, हे छापील ग्रंथात क्वचितच उमटते. ते वहीच्या समासात उमटते. इतिहास कसा सिद्ध होतो हे ज्या विद्यार्थ्याला शिकावयाचे आहे, त्याला त्या समासाचा उपयोग ग्रंथाइतकाच होईल.