डिजिटल पुराव्यांची साठवण आणि सर्व्हरच्या क्षमतेचे नियोजन

तीन नव्या फौजदारी कायद्यांची यशस्वी अंमलबजावणी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी चंदीगड येथे राष्ट्राला समर्पित केली. हे कायदे १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झाले असून, त्यांची शंभर टक्के अंमलबजावणी करणारे चंदीगड हे देशातील पहिले प्रशासकीय क्षेत्र ठरल्याचे त्या वेळी जाहीर करण्यात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक झाले आहे. तत्पूर्वी, २७ मार्च २०२२ रोजी, शहराच्या एकात्मिक नियंत्रण केंद्राचे उद्घाटन केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाले होते. पुरावा अशा रीतीने कागदाकडून चित्रणाकडे वळत असताना, हे चित्रण ठेवण्याची व्यवस्था हा न्यायप्रक्रियेचाच एक भाग बनला आहे.

पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात निर्देश दिले. त्यानुसार चित्रण १८ महिने जतन करणे आवश्यक आहे. तितक्या क्षमतेची उपकरणे बाजारात उपलब्ध नसल्यास शक्य तितका अधिक अवधी साधावा, मात्र तो एका वर्षाहून कमी नसावा, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. कोठडीतील मारहाणीची तक्रार अनेकदा काही महिन्यांनंतर पुढे येते. त्या वेळी चित्रण उपलब्ध नसेल, तर तक्रारदार आणि निर्दोष पोलीस कर्मचारी या दोघांचाही आधार नाहीसा होतो.

किती जागा लागते?

प्रतिसेकंद २ मेगाबिट वेगाने अखंड चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा व्यापतो. १८ महिन्यांत, म्हणजे सुमारे ५४८ दिवसांत, ही गरज ११.८ टेराबाइटपर्यंत पोहोचते. उदाहरणादाखल १६ कॅमेऱ्यांचे ठाणे घेतल्यास सुमारे १८९ टेराबाइट जागा लागेल.

एवढी माहिती एका डिस्कवर मावत नाही. त्यासाठी अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांचा संच तयार केला जातो. 'रेड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संशोधकांनी १९८८ मध्ये केली. तिच्या 'रेड ६' या प्रकारात दोन डिस्कइतकी जागा पडताळणीच्या जादा माहितीसाठी राखली जाते. त्यामुळे एकाच वेळी दोन डिस्क निकामी झाल्या तरी माहिती सुरक्षित राहते. प्रत्येकी १६ टेराबाइटच्या १४ डिस्क घेतल्यास प्रत्यक्ष वापरासाठी १९२ टेराबाइट जागा मिळते. वरील ठाण्याची गरज त्यात जेमतेम भागते.

मात्र पुढे आणखी चार कॅमेरे बसवले, तर तीच जागा सुमारे ४४४ दिवसांतच भरते. त्यानंतर यंत्रणा सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे नोंदवू लागते. पडद्यावरील चित्र पूर्ववत दिसत असल्याने, १८ महिन्यांचा अवधी साडेचौदा महिन्यांवर आल्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही. सुरुवातीलाच २० टक्के जागा राखीव ठेवली असती, तर २० कॅमेऱ्यांची सुमारे २३७ टेराबाइटची गरज भागली असती. त्यासाठी एकूण १७ डिस्क आणि बदलीसाठी एक तयार डिस्क पुरेशी ठरते.

विस्तार करताना

चालू संचात नवी डिस्क जोडता येते. तथापि त्यानंतर सर्व माहितीची सर्व डिस्कवर नव्याने विभागणी करावी लागते. निकामी डिस्कच्या जागी नवी बसवल्यावरही तिच्यावरील माहिती पुन्हा उभारावी लागते. सेकंदाला २०० मेगाबाइट वेग सतत मिळाला, तरी १६ टेराबाइटची डिस्क भरण्यास सुमारे २२ तास लागतात. कॅमेऱ्यांचे चित्रण चालू असताना हा काळ आणखी वाढतो. या अवधीत संचावर मोठा ताण असल्याने विस्तारापूर्वी महत्त्वाच्या माहितीची स्वतंत्र प्रत घेणे अनिवार्य समजावे. नवी डिस्क जुन्यांपेक्षा लहान असू नये. सर्वसाधारणपणे संच प्रत्येक डिस्कमधील सर्वांत लहान डिस्कइतकीच जागा वापरतो. डिस्क वाढवल्यावर फाइल यंत्रणेचाही स्वतंत्रपणे विस्तार करावा लागतो. अन्यथा वाढीव जागा वापरात येत नाही.

डिस्क निकामी होण्यापासून हा संच संरक्षण देतो; चुकून पुसले जाणे, आग किंवा विषाणू यांपासून नव्हे. म्हणून ज्या प्रकरणात तक्रार दाखल झाली आहे, त्याचे चित्रण तातडीने वेगळे काढून अन्यत्र ठेवणे इष्ट ठरते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. चित्रण नव्या संचावर हलवल्यावर हे मूल्य जुळते की नाही हे तपासल्यास, त्यात फेरफार झाला नसल्याची खात्री करता येते.

क्षमतेचे नियोजन करताना केवळ डिस्क किती भरली, हे पाहणे पुरेसे नाही. जुने पुसून नवे नोंदवणारी यंत्रणा कालांतराने नेहमीच भरलेली दिसते. खरा निकष आहे तो उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रणाची तारीख. ही तारीख दरमहा नोंदवहीत लिहिली, तर अवधी घटत असल्याचे वेळीच लक्षात येते. नव्या डिस्कच्या खरेदीस मंजुरी मिळेपर्यंत आवश्यक पुरावा पुसला जाण्याचा धोकाही त्यामुळे टळू शकतो.