लग्नाच्या बेटावरचा कुलीघाट

मॉरिशसच्या उत्तर टोकापलीकडे गॅब्रिएल नावाचं एक चिमुकलं बेट आहे. पांढरी वाळू, उथळ निळं पाणी. कॅटामरानमधून पर्यटक येतात, पोहतात, किनाऱ्यावर जेवतात आणि उन्हं कलायच्या आत परततात. १८५६ साली याच वाळूवर कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतले मजूर उतरवले होते. जहाजांवर पटकी असल्याच्या भीतीने त्यांना पोर्ट लुईसच्या बंदरात येऊ दिलं नाही. डोक्यावर धड छप्पर नाही, पाणी आणि औषधं अपुरी. दोनशेहून जास्त माणसं तिथेच गेली. ही बातमी कलकत्त्याला पोहोचल्यावर भारतातल्या सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं.

हल्ली लग्न मॉरिशसला करायचं ठरलं की घरची मंडळी मुहूर्ताच्या दोन-चार दिवस आधीच पोहोचतात. आजी-आजोबा, आत्या-मामा, शाळा बुडवून आलेली मुलं. मेंदी-हळदीच्या आधी हातात मोकळा वेळ असतो आणि तो कुठे घालवायचा हे बहुधा हॉटेलच्या पत्रकावरून ठरतं. त्या पत्रकातली ठिकाणं सुंदर आहेत, यात शंका नाही. पण मॉरिशस हे नुसतं सुंदर बेट नाही. निदान भारतातून जाणाऱ्या कुटुंबाने तरी त्याच्याकडे तेवढ्याच नजरेने पाहू नये.

बेटाचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. डच १५९८ मध्ये आले, राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला देऊन गेले. त्यांच्याच काळात डोडो पक्षी संपला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं, १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं. राज्यकर्ते बदलले, तरी ऊस वाढतच गेला आणि उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले.

नैर्ऋत्येला ल मोर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा कातळी डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. त्याच्या पायथ्याशी आज मोठी हॉटेलं आहेत आणि तिथल्या हिरवळीवर लग्नं लागतात. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला आलेले शिपाई आपल्याला धरायलाच आले, असं समजून काही जणांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आठवण तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. २००८ मध्ये युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. फोटोसाठी मागे डोंगर हवाच असेल, तर तो कसला डोंगर आहे हे नवरा-नवरीला ठाऊक असलेलं बरं.

गुलाम सुटणार हे आधीच ठरलं होतं, मळे मात्र तसेच राहणार होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईसला उतरले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये पगार आणि वर शिधा. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं याच वाटेने आली. १८४९ पासून ती ज्या धक्क्यावर उतरत गेली तो कुलीघाट. आता त्याला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून तोही जागतिक वारसा आहे.

या घाटावर भव्य असं काही नाही. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, दवाखान्याच्या खोल्या, दारवानाची खोली, राहण्याच्या शेडचे अवशेष. मूळ आवाराचा बराचसा भाग पुढे झालेल्या रस्त्यांनी आणि बांधकामांनी गिळला. पण त्या पायऱ्या पाहिल्या की बाकीचं कळतं. बोटीतून उतरणारा प्रत्येक जण याच पायऱ्या चढला. वर गेल्यावर त्याला क्रमांक मिळे. वहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण आणि जहाजाचं नाव लिहिलं जाई. दोन-तीन दिवसांत मळेवाला येऊन आपले मजूर घेऊन जाई. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळ्याच्या व्यवस्थापकाने मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला. त्यावर ९,४०१ मजुरांनी सह्या-अंगठे केले. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला.

लग्नाचा विषय इथे वेगळ्या अर्थाने कळीचा होता. पहिल्या वर्षांत आलेल्यांत बायका फारच थोड्या. पुढे सरकारने पुरुषांच्या प्रमाणात बायका आणण्याची अट घातली, तेव्हा कुठे घरं उभी राहिली. तरी देवाब्राह्मणांसमोर लागलेलं लग्न कायदा मानत नसे. सरकारी नोंद नसेल तर बायकोचा आणि मुलांचा हक्क अधांतरी. अशा परिस्थितीत या माणसांनी लग्नाचे विधी सोडले नाहीत, हे मला त्यांचं मोठं कर्तृत्व वाटतं. भोजपुरी घरांत लग्नाआधी 'गीत-गवई' होते. पाच सवाष्णी हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे कापडात मांडतात, बाकीच्या देवांची गाणी म्हणतात, ढोलकाची पूजा होते आणि मग सगळं घर नाचतं. २०१६ मध्ये युनेस्कोने या विधीचीही नोंद घेतली.

या गर्दीत मराठी माणूसही होता. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरातूनही मजूर नेण्यास परवानगी मिळाली, आणि कोकण-सातारा भागातली माणसं बोटीत चढली. संख्येने ती बिहारी आणि तमिळ मजुरांपेक्षा खूप कमी. त्यांचे वंशज आज घरात क्रेओल बोलतात, पण गौरी-गणपतीत त्यांच्याकडे झाकरी नाचली जाते. कोकणातल्या जाखडीचंच ते रूप. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवली जाते आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचं उच्च शिक्षणही मिळतं. शतकभराहून अधिक काळ जाऊनही एवढं टिकलं, ते सरकारी कृपेने नव्हे. मुख्यतः घराघरांतल्या बायकांनी आणि गावोगावच्या मंडळांनी ते टिकवलं.

घाटावरच्या त्या वह्या मोका इथल्या याच संस्थेत जपून ठेवल्या आहेत, मजुरांच्या फोटोंसकट. बेटावरची कुटुंबं तिथे आपला पणजोबा आणि त्याचं गाव शोधतात.

तेव्हा लग्नासाठी मॉरिशसला जाणाऱ्यांना एवढीच विनंती. एक सकाळ पोर्ट लुईससाठी राखा आणि घाटावर आजी-आजोबांना आणि मुलांनाही न्या. आत जायला तिकीट लागत नाही. रविवारी मात्र घाट बंद असतो.