ऑफलाइन स्थलनिर्देशक नकाशे (बुलढाणा जिल्हा)

ऑफलाइन स्थलनिर्देशक नकाशे म्हणजे भ्रमणध्वनीवर किंवा हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्रावर आधी उतरवून घेतलेले व इंटरनेटशिवाय वापरता येणारे भूरूपदर्शक नकाशे होत. जीपीएस यंत्रणा उपग्रहांचे संदेश थेट ग्रहण करते. त्यामुळे मोबाइलचे जाळे नसतानाही आपले स्थान कळते. बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगररांगा, घाटवाटा आणि सातपुड्यातील अंबाबरवा परिसर येथे असे नकाशे उपयुक्त ठरतात.

स्रोत

भारतीय सर्वेक्षण विभागाची (स्थापना १७६७) १:५०,००० प्रमाणावरील मुक्त मालिका २०१७ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप प्रकल्पात रस्ते, ओढे व गावांची नावे स्वयंसेवक नोंदवतात. ऑसमँड व ऑरगॅनिक मॅप्स ही उपयोजने हीच माहिती वापरतात. यातील अनेक नकाशांच्या समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाद्वारे केलेल्या रडार मोजणीवर आधारलेल्या असतात.

वाचन

१:५०,००० प्रमाणात १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. सुमारे १.८ किमी व्यासाचे लोणारचे विवर त्यामुळे नकाशावर ३.६ सेंमी रुंद दिसते. तेथील सरोवर काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. २० मीटर अंतराच्या सहा-सात समोच्च रेषा तेथे एकात एक वर्तुळांसारख्या येतात. रेषा जितक्या जवळ, तितका उतार तीव्र. दरीत या रेषांचे टोक ओढ्याच्या उगमाकडे वळते. बुलढाण्याच्या पठारावरील पाणी एकीकडे पूर्णेतून तापीला, तर दुसरीकडे पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात जाते, हे त्यावरून ओळखता येते. संपूर्ण जिल्हा यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात मोडतो.

मर्यादा

जुनी टोपोशीट एव्हरेस्ट संदर्भप्रणालीवर, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर आधारलेले असते. यंत्रात योग्य प्रणाली न निवडल्यास स्थान लक्षणीय अंतराने चुकते. रडार मोजणीत अरुंद कडे व घळी बोथट होतात. म्हणून नकाशावर सौम्य दिसणारा उतार प्रत्यक्षात उतरण्याजोगा असेलच असे नाही. नोंदवलेली पायवाट पावसाळ्यात नाहीशी झालेली असू शकते. ज्ञानगंगा अभयारण्यातील वाट नकाशावर दिसली, तरी प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागतेच. बॅटरी संपल्यास उपयोगी पडावा म्हणून कागदी नकाशा, होकायंत्र आणि स्थानिक गुराख्यांची माहिती यांचे महत्त्व कायम आहे.