सोनेरी श्वानाची वंशकथा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने ते घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १८०९ साली इंग्रजांनी तेथे आपली छावणी वसविली. येथील सौम्य हवा सर्वांनाच मानवली. याच हवेच्या भरवशावर आज तेथील कित्येक कुटुंबे ‘गोल्डन रिट्रीव्हर’ जातीचे पिलू घरी आणतात. आणताना त्याचा सोनेरी रंग आणि मायाळू स्वभाव पाहिला जातो. हा प्राणी कोणी, कोठे आणि कशासाठी घडविला, याची चौकशी सहसा होत नाही. वस्तुतः त्याची निवड कोणी करावी आणि सांभाळ कसा करावा, याचे उत्तर त्या चौकशीतच दडलेले आहे.

या जातीविषयी एक रंजक दंतकथा दीर्घकाळ प्रचारात होती. रशियन सर्कशीतील कुत्र्यांचा एक ताफाच्या ताफा एका स्कॉटिश सरदाराने विकत घेतला आणि त्यांपासून ही जात निपजली, असे सांगत. त्या सरदाराचे नाव डडली मार्जोरीबँक्स. हेच पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झाले. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात गिसाकन येथे त्यांची जहागीर होती. त्यांनी आपल्या श्वानशाळेची वही स्वहस्ते लिहून ठेविली होती. १९५२ साली त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि सर्कशीची कथा निकालात निघाली. १८६५ साली त्यांनी ब्रायटन येथे ‘नूस’ नावाचा पिवळा रिट्रीव्हर घेतला. १८६८ साली ट्वीड नदीकाठच्या पाणकुत्र्यांच्या जातीतील ‘बेल’ हिच्याशी त्याचा संकर केला. त्यातून झालेल्या पिवळ्या पिलांपैकी तिघांना प्रिमरोज, क्रोकस आणि काउस्लिप अशी फुलांची नावे मिळाली. १९११ साली इंग्लंडच्या केनेल क्लबाने या जातीची स्वतंत्र नोंद मान्य केली.

हा सारा खटाटोप शिकारीसाठी होता. बंदुकीने पाडलेला पक्षी दलदलीत किंवा थंडगार पाण्यात दूर जाऊन पडे. तो दातांनी न चिरडता अलगद तोंडात धरून धन्यापाशी आणून देणारा कुत्रा हवा होता. म्हणून त्याला पाण्याची ओढ, दुहेरी केसांचे ऊबदार आवरण, न थकणारे शरीर आणि माणसाच्या शब्दाकडे सतत लागलेले कान मिळाले. आज घरातील मुले ज्या गुणांवर लुब्ध होतात, ते या चाकरीचेच गुण आहेत.

याच्या उलट उदाहरण बंगळूरच्याच राज्यात, बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथे सापडते. तेथील मराठी संस्थानिक राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिक शिकारी कुत्र्यांची निगुतीने पैदास केली. मुधोळ हाउंड सडपातळ, आखूड केसांचा आणि उंच पायांचा. उघड्या माळावर सशाचा पाठलाग करण्यासाठी तो घडलेला. दख्खनचे ऊन त्याच्या अंगवळणी पडलेले असते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. दोन्ही जाती जहागीरदारांच्या आश्रयाने वाढल्या. परंतु एकीने गारठा गृहीत धरला आणि दुसरीने ऊन.

तेव्हा बंगळूरच्या सदनिकेत आलेल्या सोनेरी कुत्र्यास काय हवे, हे उघड आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरविले पाहिजे. मार्च-एप्रिलच्या दुपारी तापलेल्या रस्त्यावर मात्र नेऊ नये. त्याचे केस नित्य विंचरावे, पण उकाडा होतो म्हणून मुळापासून भादरू नयेत. लोंबत्या कानांत ओल राहून विकार होतात, म्हणून ते कोरडे ठेवावे. गोचिडांपासून येणारा ताप घातक ठरतो, म्हणून अंग रोज चाचपावे. ही जात खादाड असल्याने लठ्ठपणा लवकर येतो, आणि जातीतच असलेले खुब्याचे दुखणे त्याने बळावते. कांदा, मनुका आणि चॉकलेट त्याला विषवत आहेत. पानातले उरलेसुरले वाढणाऱ्या घराने हे विशेष ध्यानी ठेवावे. रेबीजची लस तर वेळच्या वेळी टोचलीच पाहिजे.

पिलू घेताना त्याची आई प्रत्यक्ष पाहावी आणि आईबापांच्या खुब्यांची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकारास नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास मनाई आहे. तथापि सर्वांत कठीण चौकशी घेणाऱ्याने स्वतःच्या घराची करावयाची असते. हा कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो आणि नराचे वजन तीस किलोंच्या घरात जाते. दिवसभर बंद दारामागे एकटा राहिला, तर माणसासाठी घडविलेला हा जीव झुरतो, वस्तू कुरतडतो, भुंकतो. मग शेजाऱ्यांची कुरकूर सुरू होते आणि अखेर काही कुटुंबे त्याला आश्रमाच्या दारात किंवा रस्त्यावर सोडून देतात. तेथे दोष कुत्र्याच्या माथी मारला जातो.

ट्वीडमाउथांच्या वहीतील नोंदी १८९० साली थांबल्या. कोणास कोणापासून पिले झाली, हे तीत आहे. त्यानंतरची नोंद प्रत्येक घराने ठेवावयाची आहे: लशीच्या तारखा, वजन आणि रोजच्या फेरफटक्याची वेळ कोणाच्या वाट्याला आली, त्याचे नाव. ते शेवटचे नाव ज्या घरात आधी ठरत नाही, त्या घराने सोनेरी पिलाचा मोह आवरावा, हेच त्या पिलाच्या हिताचे.