कान्हेरीच्या भिंतीवरचे साल 378

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जाणारी बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात रमतात, अकराव्या लेण्यातली लांबलचक दगडी बाके पाहतात आणि माघारी फिरतात. नव्वदाव्या लेण्यापर्यंत चढून जाणारे थोडेच. त्या लेण्यात भक्तांना संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. आणि तिथेच, बौद्ध भिक्षूंच्या या घरात, सासानी इराणच्या पहलवी लिपीतले लेख आहेत. मुंबईच्या इतिहासाची पुस्तके पारशांची गोष्ट साधारणपणे 1640च्या सुमारास मुंबईत आलेल्या दोराबजी नानाभाईंपासून सुरू करतात. कान्हेरीचे लेख त्याच्याही सहाशे वर्षे आधीचे आहेत.

लेखांमधला मजकूर अगदी साधा. आधी देवाचे नाव, मग वर्ष, महिना आणि रोज म्हणजे दिवस, त्यानंतर त्या दिवशी इथे आलेल्या धर्मबांधवांची यादी. पहिला लेख 378व्या वर्षातल्या मेहर महिन्याचा, होरमज्द रोजचा. दुसरा त्याच वर्षीचा, पुढच्या आबान महिन्यातला. तिसरा 390 सालचा. इसवी सनात सांगायचे तर 1009 आणि 1021. यादीत एक मर्दानशाद आहे, हिराद-बहरामचा मुलगा. आणि लगेच एक हिराद-बहराम आहे, मर्दानशादचा मुलगा. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत त्यांच्यातही होती, हे कोकणातल्या कुठल्याही माणसाला चटकन कळेल. बापलेक, भाऊभाऊ असा गोतावळा घेऊन ही माणसे डोंगर चढून आली होती.

पण या लेखांमधला सर्वांत बोलका तपशील म्हणजे ते साल.

378 हे साल मोजले आहे तिसऱ्या यज्दगर्दच्या राज्यारोहणापासून. हा सासानी घराण्याचा शेवटचा बादशहा 632 मध्ये, कोवळ्या वयात गादीवर आला. पुढच्या काही वर्षांतच कादिसियाच्या लढाईत त्याच्या फौजेचा अरबांनी पराभव केला, राजधानी तेसिफोन पडली, 642 मध्ये नहावंदला उरलेसुरले सैन्य मोडले. पूर्वेकडे पळत गेलेला यज्दगर्द 651 मध्ये मर्वजवळ मारला गेला. एरवी राजा बदलला की राज्यवर्षांची मोजणी नव्याने सुरू व्हायची. त्याच्यानंतर झरथुष्ट्री राजाच झाला नाही, म्हणून मोजणी तशीच पुढे चालत राहिली. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या, राज्य हरलेल्या राजाचे वर्ष कान्हेरी ज्या साष्टी बेटावर आहे तिथल्या डोंगरात छिन्नीने कोरून घेणे, हे त्या पराभवाला दिलेले केवढे चिवट उत्तर! आजही मुंबईतले बहुतेक पारशी ऑगस्टमध्ये नववर्ष साजरे करतात ते याच यज्दगर्दी सालाचे.

आणि आता इराणकडे पाहू. खुरासानातल्या तूस गावी फिरदौसी 'शाहनामा' लिहीत होता. तीसेक वर्षे खपून त्याने तो पुरा केला हिजरी 400 मध्ये, इस्फंदारमुज महिन्याच्या अर्द रोजी, म्हणजे 8 मार्च 1010ला. यज्दगर्दी गणनेने हे वर्षही 378च. कान्हेरीत दोन लेख कोरले गेले त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यात फिरदौसीने लेखणी खाली ठेवली. त्याच्या महाकाव्याचा शेवट होतो तो यज्दगर्दच्या मृत्यूने आणि अरबांच्या विजयाने. तूसच्या कवीला आणि साष्टीच्या पाहुण्यांना एकमेकांची गंधवार्ता असणे शक्य नव्हते, पण दोघेही एकाच युद्धाचा शेवट आपापल्या परीने लिहून ठेवत होते.

दोघांच्या हातातली साधने मात्र वेगळी. फिरदौसीची फारसी नवी होती, अरबी अक्षरांत लिहिली जाणारी, आणि तरीही अरबी शब्द जपून वापरणारी. कान्हेरीवाल्यांची पहलवी तोवर मुख्यतः धर्मगुरूंची लिपी उरली होती. ती वाचणे फार अवघड. एकच अक्षर अनेक ध्वनींसाठी येते, आणि कित्येक शब्द लिहायचे आरमाईत पण वाचायचे फारसीत, असा तिचा खाक्या. प्रवासात असा लेख लिहू शकणारा माणूस सोबत होता, यावरून ही मंडळी विद्येला धरून होती असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी हा मुलूख ठाण्याच्या शिलाहारांचा होता. इराणच्या आखाताशी इथल्या बंदरांचे जाणेयेणे जुनेच. 916च्या सुमारास चौलला आलेल्या अल्-मसूदीने तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले हजारो मुसलमान वस्तीला असल्याचे नोंदवले आहे. यातले सिराफ हे इराणच्या किनाऱ्यावरचे बंदर. केरळात कोल्लमच्या 849च्या ताम्रपटावर तर पहलवीत केलेल्या साक्षीदारांच्या सह्या आहेत. पारशांच्या आगमनाची सर्वज्ञात कथा 'किस्सा-ए-संजान' ही बहमन कैकोबादने 1599 मध्ये नवसारीला फारसी पद्यात लिहिली, घटनेनंतर कित्येक शतकांनी. तिचे मोल मोठे आहे. पण पुराव्यासाठी एकीकडे ती आणि दुसरीकडे कान्हेरीची भिंत असेल, तर वजन भिंतीलाच द्यावे लागेल, कारण ती बोलते आहे त्याच दिवशीची तारीख घालून.

ती पुन्हा बोलती केली एका रेल्वेवाल्याने. एडवर्ड विल्यम वेस्ट हा जीआयपी रेल्वेचा मुख्य अभियंता. कान्हेरीच्या लेखांच्या त्याने केलेल्या नकला 1861 मध्ये छापल्या गेल्या. पुढे तो पहलवीच्या अभ्यासात इतका बुडाला की युरोपातल्या मोजक्या पहलवी पंडितांत त्याची गणना झाली, आणि 1880 मध्ये त्याने या लेखांचे वाचन प्रसिद्ध केले.

मधल्या शतकांत फारसी साष्टीच्या आसपास वेगळ्याच रूपाने वावरली. बहामनींपासून दख्खनच्या दफ्तरांत ती राज्यकर्त्यांची भाषा होती. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून तिला संस्कृत पर्याय दिले, तरी सुभेदार, फडणीस, मामलेदार मराठीत राहिलेच. 1534च्या तहाने साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि दोनशे वर्षे या दफ्तरी जगापासून तुटली. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, 1739च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि साष्टी वसईच्या सुभ्यात आली. त्याच वसंतात इराणचा नादिरशहा कर्नालला मोगलांना हरवून दिल्लीत उतरला होता. तिथे कत्तल चालली होती, आणि इकडे वसईच्या तटाखाली सुरुंग पेरले जात होते. इराणी फौज दक्षिणेकडे वळेल या धास्तीने बाजीरावांना वसईचा निकाल लवकर लागायला हवा होता.

मुंबईच्या पारशांनीही फारसी सोडली नव्हती. मुल्ला फिरोज दहा वर्षांचा असताना, 1768 मध्ये, वडिलांबरोबर इराणला गेला. प्रश्न होता पंचांगाचा. इथल्या पारशांचे पंचांग इराणच्या झरथुष्ट्री पंचांगापेक्षा एक महिना मागे आहे असे दिसून आले होते, आणि त्यावरून 1745 मध्ये समाजात शहेनशाही आणि कदमी असे तट पडले होते. यज्दगर्दचे साल दोघांनाही मान्य, भांडण फक्त महिन्याचे. बारा वर्षांनी परतलेला मुल्ला फिरोज मुंबईत कदमींचा धर्मगुरू झाला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने 'जॉर्जनामा' लिहिला: इंग्रजांनी हिंदुस्थान कसा जिंकला याची 'शाहनामा'च्या धर्तीवरची प्रदीर्घ फारसी कथा. तिचा शेवट 1817 मध्ये इंग्रजांनी पुणे घेतले तिथे होतो.

फिरदौसीने आपल्या लोकांचा पराभव ज्या घाटात गायला, त्याच घाटात मुंबईच्या एका इराणी वंशजाने पेशव्यांचा पराभव विजेत्यांच्या बाजूने गायला. मराठी वाचकाने हा ग्रंथ मराठ्यांच्या इतिहासाचा एक साक्षीदार म्हणून वाचायला हवा, आणि तो मराठीत यायला हवा. मुल्ला फिरोज 1830 मध्ये वारला. 'जॉर्जनामा' त्याच्या पुतण्याने मुंबईत छापून काढला 1837 मध्ये, आणि कंपनी सरकारने न्यायालयांतून फारसी उठवण्याचा कायदा केला तोही त्याच वर्षी. मुल्ला फिरोजचा ग्रंथसंग्रह आज फोर्टमधल्या के. आर. कामा प्राच्य संस्थेत आहे.