नारायणरावांच्या वधप्रकरणांतील साक्षीपुरावा

कसबा पेठेलगतच्या शनवारवाड्यांत ३० ऑगस्ट १७७३ (भाद्रपद, शके १६९५) रोजीं श्रीमंत नारायणराव पेशवे यांचा गारद्यांनीं वध केला. चापाजी टिळेकर हा इमानी सेवक धन्यास वांचवितांना तेथेंच पडला. उरलेल्यांत ज्यांस आंतली हकीकत ठाऊक, ते बहुधा स्वतःच कटांतले. तेव्हां हें प्रकरण पुन्हां तपासावयाचें, तर कोणाचें सांगणें ग्राह्य, हें आधीं ठरविलें पाहिजे.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ज्या धर्मशास्त्रांत निष्णात होते, त्यांतच याची कसोटी आहे. साधारण वादांत याज्ञवल्क्य निदान तीन सच्छील साक्षी मागतो. आप्त, शत्रु, अर्थसंबंधी व साहसिक यांस वगळतो. चौर्य, साहस इत्यादि प्रकरणीं मात्र कोणीहि साक्षी चालेल असें तोच सांगतो. कारण असलीं कृत्यें सज्जनांस बोलावून होत नसतात. एवढ्यावरून गारद्याचा जबाब निर्वेध मानावा असें वाटेल. परंतु मिताक्षरेंत विज्ञानेश्वर मर्यादा घालतो. सूट आहे ती साक्षीच्या गुणांपुरती. ज्याच्या ठायीं असत्याचें कारण उघड दिसतें, तो साहसाच्या प्रकरणांतहि असाक्षीच.

या कसोटीनें पाहतां काळाचा भेद महत्त्वाचा ठरतो. १७७४ त बारभाईंचें कारस्थान यशस्वी झाल्यावर रघुनाथरावांविरुद्ध बोलणें सोयीचें झालें. त्यानंतरच्या जबाबांवर वैराची व भयाची छाया आहे. रामशास्त्र्यांनीं चौकशी केली ती रघुनाथराव स्वतः अधिकारावर असतां. तेव्हां त्यांचें नांव घेण्यांत लाभ नव्हता, धोका होता. म्हणून त्या चौकशीचें वजन अधिक.

आतां ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथांतील प्रसिद्ध हकीकत घेऊं. तींत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली, नारायणरावांस धरण्याची आज्ञा दिल्याचें रघुनाथरावांनीं शास्त्रीबोवांजवळ कबूल केलें. दुसरी, मूळ पत्र पुढें शास्त्रीबोवांच्या हातीं आलें व त्यांत ‘धरावें’चें ‘मारावें’ केलेलें आढळलें. तिसरी, हा फेरफार आनंदीबाईंनीं केला. पहिली स्वतःविरुद्धची कबुली होय. दुसरी लेख्यप्रमाणाची गोष्ट आहे. तिसरी मात्र खुद्द ग्रँट डफहि सार्वत्रिक समजूत म्हणूनच देतो. प्रत्यक्ष पाहणारा किंवा प्रत्यक्ष ऐकणारा तो साक्षी, असें मनु म्हणतो. लोकवार्ता त्या व्याख्येंत बसत नाहीं. अडीचशें वर्षें ‘ध चा मा’ ही म्हण एका स्त्रीच्या नांवाशीं जखडली गेली, तिच्यामागें एकहि नांवनिशीवार साक्षी उभा नाहीं. आनंदीबाई निर्दोष होत्या, असें यावरून सिद्ध होत नाहीं. आरोप शाबीत झालेला नाहीं, एवढेंच ठरतें.

संग्राहकांस विनंति एवढीच. या प्रकरणाचा म्हणून एखादा मोडी कागद कोणी पुढें आणला, तर त्यांतील मजकुरानें भारून जाऊं नये. संदिग्ध लेख त्याच हातच्या निर्विवाद लेखांशीं ताडून पाहावा, हा याज्ञवल्क्याचाच दंडक आहे. अक्षरवटिका, शाई, खोडाखोड व कागद कोणाच्या दप्तरांतून आला त्याची परंपरा, हीं चारहि जुळल्यावांचून त्यास साक्षीच्या जागीं बसवूं नये.